कोपरीतली काळी पूड

कोपरी, ठाणे
ता. २ नोव्हेंबर १९५२

दादा,

तुझ्या कृपेनं आमच्या घरात सध्या एकच रंग आहे, काळा. यांचा सदरा काळा, धोतर काळं, उशीचा अभ्रा काळा, नाक शिंकरलं तर रुमाल काळा. रिठे झाले, सोडा झाला, परवा चुलीतली राख लावून घासलं. शेजारच्या विमलाबाई विचारतात, "मंदाकिनीबाई, तुमचे यजमान गिरणीत आहेत की कोळशाच्या वखारीत?" मी म्हटलं, वखारीत असते तर निदान शेगडीपुरता कोळसा तरी घरी आला असता.

चेष्टा राहू दे. छापखाना बंद पडला आणि हे आठ महिने घरात बसून होते. तुझ्या खाणीचा माल घेणाऱ्या गिरणीत तू शब्द टाकलास, म्हणून चूल पेटतेय. तुमचा तो मँगनीजचा दगड इथं पिठासारखा दळतात आणि पूड बॅटरीच्या मसाल्यात जाते, असं हे सांगतात. पोती भरतात त्या खोलीत हे देखरेखीला असतात. खिडक्या खिळे मारून बंद केल्यात, कारण वाऱ्यानं पूड उडाली तर मालकाचं नुकसान. संध्याकाळी म्हणे समोरच्या माणसाचे नुसते दात दिसतात!

सरोजला आता आठवं लागलं. ती विचारते, "मामाच्या खाणीत रात्र खणून काढतात का?" याचं उत्तर तू दे बाबा, एवढं भूगर्भशास्त्र शिकलायस ना. आई-अण्णांच्या मागे तूच मला वाढवलंस, लग्न लावून दिलंस. माहेर म्हणून तेवढा एक पत्ता उरलाय, तेव्हा लिहायचा कंटाळा करू नकोस.

तुझी
मंदा


पळसटोला खाण, जि. भंडारा
ता. १२ नोव्हेंबर १९५२

मंदे,

सरोजला सांग, रात्र नव्हे, आम्ही समुद्र खणतो.

खरंच सांगतो. पळसटोल्याला जिथं माझा तंबू आहे तिथं फार फार पूर्वी उथळ समुद्र होता. केव्हा, ते नक्की कोणी सांगू शकत नाही. शंभर कोटी वर्षं तरी धर. त्याच्याही आधी, पृथ्वी लहान होती तेव्हा, हवेत प्राणवायूच नव्हता असं काही विद्वान आता म्हणायला लागलेत. आमच्या साहेबांना ते पटत नाही, मला पटतं. प्राणवायू नसेल तर लोखंड आणि मँगनीज पाण्यात विरघळून राहतात, मीठ राहतं तसे. डोळ्यांना दिसत नाहीत. साऱ्या समुद्रात धातू भरलेला आणि पाणी आपलं नितळ!

मग शेवाळाच्या जातीचे काही क्षुद्र जीव उन्हात पडल्या पडल्या प्राणवायू सोडायला लागले. ओली विळी तशीच ठेवलीस तर तांबडी होते की नाही? तसं लोखंड गंजलं आणि तळाशी बसलं. लोखंड बिचारं भोळं, थोडक्या प्राणवायूनं भागतं त्याचं. मँगनीज मात्र तुझ्यासारखं हट्टी. त्याला भरपूर लागतो. म्हणून लोखंड बसून गेल्यावरही ते पाण्यात हिंडत राहिलं आणि मागाहून, निराळ्या जागी, काळा गाळ होऊन बसलं. त्यावर वाळू, त्यावर चिखल. पुढे ते सगळं खोल गाडलं गेलं, भाजलं, दाबलं गेलं, घडीवर घडी पडली. ती घडी आम्ही आज फोडतो. कुठल्या थरात काय आहे एवढं नीट नोंदवलं, की त्या वेळची हवा कशी होती ते सांगता येतं. मी यावर निबंध लिहायला घेतलाय.

तेव्हा मधुरावांच्या धोतरावर जे बसलंय ती काजळी नाही, पृथ्वीच्या पहिल्या श्वासाचा पुरावा आहे. विमलाबाईंना सांग, असलं धोतर अख्ख्या ठाण्यात दुसऱ्या कोणाकडे नाही.

मधुरावांना नमस्कार. कामात जीव लावा म्हणावं, मालक माणूस ओळखणारा आहे.

दादा


कोपरी
ता. २० जानेवारी १९५४

दादा,

दिवाळीच्या पत्रात मी सगळं छान छान लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

यांचं काहीतरी बिनसलंय. गेल्या पावसाळ्यापासून बघतेय. गिरणीतून येतात ते खुर्चीत बसतात आणि बसल्या जागी झोपतात. जेवायला उठवलं तर वसकन अंगावर येतात. यांनी कधी आवाज चढवलेला तू ऐकलायस? मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. आणि मधेच हसतात. कारण नाही, विनोद नाही. परवा विमलाबाईंचे दीर वारले, आम्ही भेटायला गेलो, तर तिथं, त्या माणसांत, हे हसत सुटले. मी पदर तोंडावर घेऊन यांना ओढत बाहेर आणलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे! घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, "मला हसू आलं नव्हतं." आता काय म्हणावं याला?

चालतात तेही निराळंच. टाच टेकतच नाहीत. जिना उतरताना कठडा धरतात. परवा कोपरीच्या नाक्यावर दोन पोरं यांच्यामागून तसंच चालत नक्कल करत होती. मी बघितलं आणि गल्लीतून वळून घरी आले.

आणि एक लिहायचं म्हणजे जिवावर येतं. ट्रंकेत कपड्यांखाली टिंक्चरची रिकामी बाटली सापडली. दारूबंदी झाल्यापासून लोक ते पितात हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी बाटली समोर धरली, तर म्हणाले, "पोटऱ्यांत गोळे येतात. चोळायला आणलं." मग ट्रंकेत दडवायचं कशाला? "तू असंच म्हणशील म्हणून."

दादा, काय करू सांग. तू सांगशील तसं करीन.

मंदा


पळसटोला
ता. ४ फेब्रुवारी १९५४

मंदा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही वाटलं. आठ महिने रिकामा बसलेला माणूस कुठली ना कुठली संगत धरतोच. इथं तर रोजचं झालंय. आमचा पंढरी म्हणून एक आहे. खाणीच्या तळाशी बोगद्यात दगडाला भोकं पाडायचं काम, त्याच्या तोडीचा कामगार भंडाऱ्यात नव्हता. आता कोंबड्यासारखा चवड्यांवर चालतो, मागून हाक मारली तर वळताना पडतो, आणि हसतो. मोहाची दारू, दुसरं काय! इथं रानात झाड झाड मोह आहे. साहेबांनी त्याला दोनदा कामावरून बसवला, तरी सुधारणा नाही.

तेव्हा मऊ राहू नकोस. एकदा सरोजच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लाव. बाप कितीही वाया गेलेला असो, पोटच्या पोरीवर खोटी शपथ घेणार नाही. तिथं खरं काय ते बाहेर येईल.

बरी बातमी सांगतो. नव्या बोगद्यात काळ्या थराच्या खाली लालभडक गारगोटीचा पट्टा सापडला. खाली लोखंड, वर मँगनीज! मी म्हणत होतो तोच क्रम. बोगद्यात हवा खेळत नाही, पूड इतकी की कंदील जेमतेम दिसतो, पण मी दोन तास तिथं बसून एकेक बोट मोजून घेतलं. साहेबांनासुद्धा मानावं लागलं.

दादा


कोपरी
ता. १८ एप्रिल १९५४

दादा,

सांगितलंस तसं केलं.

महाशिवरात्रीला, पूजा झाल्यावर. सरोजला पाटावर बसवली. म्हटलं, ठेवा हात आणि सांगा. यांनी हात ठेवला. म्हणाले, "सरोजची शपथ, मी दारूला कधी शिवलेलो नाही." आणि दादा, बोलता बोलता हसले! पोरीच्या डोक्यावर हात तसाच, आणि हसणं थांबेना. सरोज मान वर करून यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पंधरा दिवसांत सरोजला विषमज्वर झाला. एकवीस दिवस पोर तापानं फणफणत होती. हे खुर्चीत बसून बघायचे. चेहऱ्यावर काही नाही, दगडासारखा. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि चेहरा हलायचा नाही. मी म्हटलं, "आता रडायचं सोंग कशाला? शपथ घेताना कळलं नाही?" देवीची ओटी भरली, नवस बोलले, तेव्हा ताप उतरला.

तिला कल्याणला यांच्या मावशीकडे ठेवलीय. शाळा तिथंच. बापाची सावली नको तिच्यावर.

मंदा


कोपरी, ठाणे
ता. ९ मे १९५४

श्री. हरिहरराव यांस,

मंदानं तुम्हांला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. मी पीत नाही. मी हसत नाही, ते होतं. तोंड माझं ऐकत नाही. पाय ऐकत नाहीत. उतारावर आपोआप पळायला लागतो, मागे सरकलो की पडतो. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले आधी प्यायचं सोडा. मी शपथ घेतली ती खरी होती. सरोजला माझ्यामुळे ताप आला नाही. तुम्ही शिकलेले आहात. तुमचा शब्द मंदा ऐकते. तिला एवढंच लिहा की मी खोटं बोलणारा माणूस नाही. बाकी काही नको. अक्षर लहान होतंय त्याबद्दल क्षमा असावी. मोठं काढायला जातो, येत नाही.

मधुसूदन


पळसटोला
ता. २१ मे १९५४

मंदा,

मधुरावांचं पत्र आलं. लग्नाआधी त्यांनी मला लिहिलेलं पत्र मी अजून ठेवलंय. छापखान्यातला माणूस, अक्षर कसं टपोरं! आणि हे पत्र? पहिल्या दोन ओळी ठीक, मग अक्षर बारीक बारीक होत गेलंय. शेवटच्या ओळी तर दगड बघायचं भिंग लावून वाचल्या. व्यसनानं हात गेलाय त्यांचा. म्हणे मी पीत नाही, म्हणे तोंड ऐकत नाही! चोराच्या उलट्या बोंबा.

आता माझं ऐक. एक ना एक दिवस रस्त्यात पोलीस धरतीलच. धरलं तर सोडवायला धावू नकोस. विचारलं तर खरं ते सांग. तीन-चार महिने आत राहिले तर थेंब मिळणार नाही आणि माणूस शुद्धीवर येईल. कडू औषध आहे, पण मी तुझ्या बापाच्या जागी आहे, तुझं वाईट सांगणार नाही.

माझा निबंध पुरा होत आला.

दादा


कोपरी
ता. ३० सप्टेंबर १९५४

दादा,

झालं तुझ्या मनासारखं.

गेल्या सोमवारी गिरणी सुटल्यावर नाक्यावरच्या उतारावर हे धावत सुटले आणि भाजीवालीच्या टोपलीवर जाऊन पडले. लोक जमले, हे हसत होते. पोलिसांनी उचललं. अंगाला टिंक्चरचा वास येत होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी चालवून बघितलं, चालता येईना. मला बोलावलं. फौजदारानं विचारलं, "बाई, पितात का हे?" हे समोर बाकावर बसले होते. माझ्याकडे बघत होते. मी "हो" म्हटलं.

कोर्टातही तेच सांगितलं. तीन महिने साधी कैद. गिरणीनं कामावरून काढल्याचं पत्र त्याच दिवशी धाडलं. यांच्या खुर्चीत आनंदा म्हणून पोरगेला माणूस बसलाय असं ऐकते.

यांना नेताना भेटू दिलं. मी चिवडा नेला होता, तो घेतला. बोटांना पुडी धरता येईना, अर्धा खाली सांडला. मी शेजारणीचे कपडे शिवते, सध्या भागतंय. तू म्हणतोस तसे सुधारून येऊ देत म्हणजे मिळवली.

मंदा


कोपरी
ता. १६ जानेवारी १९५५

दादा,

हे घरी आलेत. सुटले त्या दिवशी मी टांगा घेऊन गेले होते. दोन शिपायांनी धरून आणून बसवलं.

दादा, तीन महिने थेंब नाही. हे मी शिपायांना, तिथल्या वॉर्डराला, दहा जणांना खोदून खोदून विचारलं. तो वॉर्डर हसला, म्हणाला, "बाई, या माणसाला स्वतःच्या हातानं पाणी पिता येत नाही, दारू कुठून पिणार?" मग हे बरे का नाही झाले? जाताना चालत गेले होते. आता दोन पावलं टाकतात आणि पुढे कोसळतात. आवाज गेलाय, पुटपुटल्यासारखं बोलतात, सगळे शब्द एकाच सुरात. चेहऱ्यावर माशी बसली तरी हलत नाही. मी भरवते.

दारू सुटली की माणूस शुद्धीवर येतो म्हणालास. यांची शुद्ध गेलीच नव्हती रे! काल मी वेणी घालत होते, तर हळूच म्हणाले, "मंदा, लुगडं फाटलंय खांद्यावर." सगळं दिसतं यांना.

मला आता एकच सांग, आणि खरं सांग. दारू नव्हती, तर काय होतं?

मंदा


पळसटोला
ता. १९ फेब्रुवारी १९५५

मंदा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहायचं धैर्य नव्हतं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी पंढरीच्या झोपडीवर गेलो. तो खाटेवर पडला होता. त्याची बायको गंगुबाई म्हणाली, "साहेब, तीन साल झाले, यानं मोवाचा थेंब नाही घेतला. पायच ऐकत नाहीत त्याचे. आमी सांगून सांगून थकलो." मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "तुमालेच तं सांगतलं होतं." सांगितलं असेल. मला आठवत नाही. मी दगडच बघत होतो.

मग मला येतं तेवढं मी केलं. खडकांचा नकाशा करतो तसा माणसांचा केला. कोण कुठल्या खोलीवर काम करतो, किती वर्षं, चाल कशी. वर उघड्यावर दगड वेचणाऱ्या बायका, शंभरावर, एकीला काही नाही. उघड्या खड्ड्यातले पुरुष, कोणाला काही नाही. तळाच्या बोगद्यात जिथं हवा खेळत नाही आणि पूड तरंगत राहते, तिथं भोकं पाडणारे चौदा. त्यांतले पाच चवड्यांवर चालतात. पाचही जणांना गावानं दारुडे ठरवलंय. थर इतका स्वच्छ लागला, मंदा, की मी पुन्हा पहिल्यापासून मोजून बघितला.

नागपूरला जाऊन एका मोठ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी जाड पुस्तक काढलं. मँगनीजची पूड श्वासातून जाऊन मेंदूत बसते. निष्कारण हसू, दगडी चेहरा, कोंबड्याची चाल, लहान होत जाणारं अक्षर, सगळं छापलेलं. शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडात पहिल्यांदा कोणी लिहून ठेवलं, आणि तीही मँगनीज दळणाऱ्या गिरणीतलीच माणसं होती. औषध विचारलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, पुडीपासून लवकर दूर केलं तर काही उपयोग, एकदा चाल गेली की नाही.

लवकर म्हणजे केव्हा? मधुरावांचं बिनसलंय असं तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा. तुझ्या त्या एका पत्रात सगळं होतं, आणि माझ्या उत्तरात मधुरावांच्या जोडीला पंढरी होता. एकाच कागदावर, मंदा! दोन ओळी एकाखाली एक ठेवायचं मला सुचलं नाही. खडकाचे थर मी बोटाबोटानं मोजले.

आता पुढचं लिहितो, ते माझ्याबद्दल आहे. मधुरावांना त्या गिरणीत मी लावलं. शपथेची कल्पना माझी. त्यांनी मला एकच गोष्ट मागितली होती, मी खोटं बोलत नाही एवढं मंदाला लिहा. त्यांचं अक्षर भिंगातून बघून मी त्यांना चोर म्हटलं. सोडवायला जाऊ नकोस असं मीच तुला लिहिलं. ती तीन महिन्यांची कैद त्यांनी नव्हे, मी भोगायला हवी होती. मी अपराधी आहे, तुझा आणि त्यांचा.

माझा निबंध छापून आला. अठरा पानं. त्यात बोगद्यातल्या माणसांबद्दल एक वाक्य नाही. हे मँगनीज कोट्यवधी वर्षं खडकात होतं तोवर कोणाचं काही बिघडवत नव्हतं. आम्ही ते फोडलं, दळलं, हवेत उडवलं आणि खिडक्या बंद केल्या. साहेबांकडे लेखी तक्रार दिलीय. त्यांनी वाचली आणि म्हणाले, तब्येत बरी नाही का तुमची, रजा घ्या.

तुमच्या गिरणीत जाऊन खिडक्या उघडायला सांग. निदान उरलेली माणसं वाचतील.

दादा


कोपरी
ता. ६ मार्च १९५५

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या हवेत काय होतं ते तुला कळलं, आणि तू स्वतः ज्या बोगद्यात दोन तास बसलास तिथल्या हवेत काय आहे ते कळलं नाही. आणि मी तरी काय दिवे लावले! बारा-तेरा वर्षं ज्यांच्याशी संसार केला, त्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो की नाही हे मला कळत नव्हतं? कळत होतं. एकदाही आला नाही. तरी मी तुझं खरं धरलं, कारण तू दादा.

गिरणीत गेले. मॅनेजरनं खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "पण बाई, ते पितात असं कोर्टात तुम्हीच सांगितलंत ना?" माझ्याच तोंडानं मी यांची वाट बंद केलीय. खिडक्यांचं विचारलं, तर म्हणाला, त्या कायमच्या ठोकलेल्या आहेत.

मग मी फाटकाबाहेर उभी राहिले. गिरणी सुटली. एकोणीस माणसं बाहेर आली. मी चेहरे बघितलेच नाहीत, नुसते पाय बघत होते. दोघांची टाच टेकत नाही. एकाला गाठून सांगितलं, बाबा, हे काम सोड, दारू नाही ही, पूड आहे. तो म्हणाला, "मावशी, सोडलं तर घरी खाणार काय?" आनंदा मात्र अजून नीट चालतो. त्यालाही सांगितलं. तो मान हलवून गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलीत.

रविवारी यांच्यासमोर बसले आणि तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. पंढरीचं, डॉक्टरांचं, पुस्तकातलं. वाचून झाल्यावर मी यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे मला क्षमा केली की नाही ते मला कधीच कळणार नाही. मग एकेक शब्द लावत एवढंच म्हणाले, "सरोजला सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी कल्याणला गेले. मावशीच्या परसात सरोजला घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. बाबा पीत नव्हते, आजार आहे, मी चुकले. ती फरशीवर बोटानं रेघा ओढत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस गं कधी?" तर म्हणाली, "तू मला कुठे विचारलंस? तू मामाला विचारत होतीस."

तिला घरी आणलंय. ती यांना भरवते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता तुझ्यासाठी. तुझा निबंध छापून आला हे यांना सांगितलं. म्हणाले, "चांगलं झालं." यांच्या मनात तुझ्याबद्दल आदर आहे अजून. कारण "आता पुढचं लिहितो, ते माझ्याबद्दल आहे" इथपासूनचा मजकूर मी यांना वाचून दाखवलेला नाही, आणि दाखवणारही नाही. माझं जे होतं ते मी यांच्या पायांशी बसून माझ्या तोंडानं सांगितलं. तुझं तू सांगायचं. साहेब रजा घ्या म्हणतातच आहेत, तर घे. इथं ये, यांच्या खुर्चीसमोर बस आणि ते पान वाच. यांना सगळं ऐकू येतं. नजर चुकवू नकोस, कारण यांना मान वळवता येत नाही.

पत्र पाठवू नकोस. आलं तर मी फोडणार नाही.

मंदा